तानी उन्हात रडत नाय

तलासरी
२९ एप्रिल २०१८

रखमीबाय,

पाया पडते. तू डोक्यावर हात ठेवणार नाय ते ठाऊक आहे, तरी पडते.

तू फोन उचलत नाय म्हणून लिहिते. आश्रमशाळा सातवीत सोडली, त्यानंतर एवढं कधी लिहिलं नाय. चुकलं तर हसू नको. तुला वाचता येत नाय, म्हणजे हे तुझी नवी सून वाचून दाखवणार. योगिता, तू आमच्या घरात आताच आलीस नि तुझ्या लग्नातच माझा तमाशा झाला. तुझ्याकडे बघायला मला तोंड नाय. तरी वाच, मध्ये सोडू नको.

बाय, माझी पोर परत दे.

लग्नाच्या दुपारी तू तानीला माझ्या हातातून ओढून घेतलीस नि सगळ्या मांडवासमोर बोललीस, "मुकेश बोटीवरून येईपर्यंत पोर माझ्याकडे राहील. तू पोर सांभाळायच्या लायकीची नायस." तिचं तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले, गालावरून गेरू ओघळलेला. तू कडेवर घेतलीस नि ती गप्प झाली. सगळ्या बोलल्या, बघा, आत्याच्या कडेवर गप्प झाली. मी तिथून चालत रस्त्यापर्यंत गेली. मागे कोण आलं नाय.

गेरू मी लावला ते खरं आहे. सगळ्यांनी बघितलं, लपवू कशी? तुझ्या घरात भिंतीवर लग्नाचा चौक लिहून झाला, वाटीत गेरू उरला होता, तोच मी उचलला. देवाच्या चौकाचा गेरू. त्यात चौकाचंच उरलेलं पांढरं, तांदळाचं पीठ कालवलेलं, ते टाकलं नि खोबरेल घातलं. तू बोललीस मी पोरीला भिंत केली. मांडवात एक बाई बोलली, "आता हिच्या गालावर पण चौक लिहा गं." सगळ्या हसल्या. मी पण हसली, बाय. हसायला नको होतं.

पण मी ते नटवायला नाय लावलं. तिची उन्हात लावायच्या रंगाच्या क्रीमची ट्यूब संपली होती. कशी संपली काय सांगू, ट्यूब आहे, संपते.

दवाखान्यातली डॉक्टरबाई बोललेली, या क्रीमचा जो मातीसारखा रंग आहे तो लोखंडाच्या गंजाचा आहे, गेरूत असतो तोच. नि पांढरी असते ती जस्ताची पावडर. ते माझ्या डोक्यात बसलं. मला वाटलं, गेरू तर आपल्या घरात आहे, पांढरं पण आहे, मग अडलं काय?

अडलं ते तू बघितलंस.

तिचा आजार खोटा नाय. रक्त मुंबईला पाठवलेलं तेव्हा मुकेश इथेच होता, त्याला विचार. तिच्या रक्तात एक गोष्ट जास्त साठते, ती उजेड लागला की आतून आग करते. वर काही दिसत नाय कधी कधी, म्हणून लोकांना वाटतं पोर नाटक करते. उन्हात नेऊ नको तिला. पूर्ण हाताचं गडद कापड घाल. तुझ्या प्रविणच्या नि योगिताच्या नव्या खोलीला काचेची खिडकी आहे, तिथे झोपवू नको. काचेतून पण येतं ते. तुला खोटं वाटेल. मला पण वाटलेलं.

मुकेशचा फोन लागत नाय. मासे धरायला गेलेली बोट कुठे असेल कोण जाणे. तो आला नि घरात पोर नसली तर मी काय सांगू त्याला?

घोलवडला जिथे मी चिकू भरायला जाते तिथे तुमच्या गंजाडचा विनोद टेम्पो घेऊन येतो. त्याच्याकडे हे देते.

दक्षा


६ मे

रखमीबाय,

विनोदनं तुझा निरोप दिला. टेम्पोतून उतरायच्या आधीच ओरडून दिला, सगळ्या बायकांनी ऐकला. "वहिनी, रखमीबाय बोलली, पोरीची काळजी करू नको, डहाणूवरून चांगली क्रीम आणलीय, पांढरी, पन्नास नंबरची. तुझ्यासारखी माती नाय लावत आम्ही."

बायका हसल्या. मी चिकू निवडत राहिली.

पण बाय, तू तिच्यासाठी डहाणूला गेलीस, भाड्याच्या जीपमध्ये कोंबून, एवढ्या उन्हात, हे ऐकून मला रडू आलं. माझ्या आईनं पण केलं नसतं. तू वाईट नायस. मुकेशला आईबापामागे तूच मोठा केलास, तो सांगतो सगळ्यांना. म्हणून तर तुला खरं सांगायला जड जातं.

ती पांढरी क्रीम तिला पुरत नाय.

ऐक, डॉक्टरबाईनं मला जसं सांगितलं तसं सांगते. ऊन एक नाय. त्यात तीन प्रकार आहेत. एक वरची कातडी भाजतं, आपण भात लावताना पाठ भाजते ते. दुसरं खोल शिरतं, कातडी काळवंडते, ते काचेतून पण येतं. ही दोन्ही डोळ्याला दिसत नाय. तिसरा नुसता उजेड. ज्यानं तुला मी दिसते नि मला तू दिसतेस, तोच. तुझी पन्नास नंबरची पहिल्या दोघांना अडवते. पन्नास नंबर तर पहिल्याचाच. तिसऱ्याला ती अडवत नाय. डॉक्टरबाई बोलली, मच्छरदाणी बांधली की मच्छर आत येत नाय, पण चिलट येतं ना? तसं. नि तानीला चावतं ते चिलट. आपल्याला त्याचं काही होत नाय, तिलाच होतं.

रंगाची क्रीम म्हणजे बारीक भोकाची मच्छरदाणी. तो गंजाचा रंग तिसऱ्या उजेडाला अडवतो. म्हणून ती मातीसारखी दिसते. ज्या क्रीममधून कातडी स्वच्छ दिसते, तिच्यातून उजेड पण तसाच आत जातो. हे मी डोक्यात असं ठेवलंय.

मग गेरू का नाय चालला, तेही मी विचारलं. काल परत गेली होती दवाखान्यात, खाली मान घालून. ती बोलली, "रंग तोच असला तरी ती माती आहे गं. क्रीममध्ये तो पिठापेक्षा बारीक करून सगळीकडे सारखा पसरवलेला असतो. तुझ्या तेलात त्याच्या गुठळ्या झाल्या, मधेमधे कातडी उघडी राहिली, घामानं उरलेला पण गेला." ती ओरडली नाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "मागची ट्यूब एवढ्यात कशी संपली? पाऊस लागेपर्यंत पुरायला पाहिजे होती." मी बोलली, हरवली. तिनं माझ्याकडे बघितलं नि कपाटातून दोन ट्यूब काढून दिल्या. मी बोलली, एक बस. ती बोलली, "असू दे दोन."

दोन्ही तुला पाठवते, विनोदच्या हातून. फेकू नको.

अशी लाव. थोडी थोडी नाय, दाट. तोंड, कान, मान, हाताची पाठ, पायाचा वरचा भाग, चप्पलच्या पट्ट्याच्या मधे पण. ती हाताची पाठ विसरू देत नाय, आपणच विसरतो. बाहेर जायच्या थोडं आधी लाव, सुकू दे. घाम आला की परत लाव, दोन तासांनी तर लावच. लावताना ती ओठ आत ओढते, तेव्हा थांब, नायतर तोंडात जाते. लावली म्हणून दुपारभर खेळायला सोडू नको. क्रीमनं थोडा वेळ मिळतो, सगळं थांबत नाय. कापड आधी, क्रीम नंतर.

नि जर आग सुरू झालीच तर थंड पाण्याचं फडकं. चोळू नको. ती रडेल, ओरडेल, तुला घाबरायला होईल. तेव्हा समज की आत आणायला उशीर झाला. रडली की आत आण. हेच तिचं घड्याळ आहे.

विनोदला ट्यूब दाखवली तर तो बोलला, "वहिनी, ही लावून मी गोरा होईन का?" मी बोलली, तू चिकूच्या टोपलीत बसलास तर कोण ओळखणार नाय तुला, ती लावून काय करतोस. तो हसला. खूप दिवसांनी कोण माझ्याशी सरळ हसलं.

ती रात्री माझं विचारते का? विचारत नसेल तर सांगू नको.

दक्षा


११ मे

रखमीबाय,

हे पत्र योगितानं आधी मनात वाचावं. मग तिला वाटलं तर मोठ्यानं वाचावं. योगिता, तू मला वहिनी म्हणतेस की मामी ते अजून ठरलं पण नाय, नि मी तुझ्यासमोर हे काढते. माफ कर.

विनोद आज हसत आला. बोलला, "वहिनी, तुझी पोर ठणठणीत आहे. काल दुपारी अंगणात कोंबडीमागे पळत होती. रखमीबाय बोलली, सांग तिला, ट्यूब माळ्यावर टाकलीय, तिची गरज नाय. माझ्या घरात पोर उन्हात रडत नाय. आजार पोरीला नव्हता, आईला होता."

बायकांनी माझ्याकडे बघितलं. मी चिकू ठेवला नि त्याला विचारलं, "पळत होती तेव्हा हात कसे होते तिचे?"

"हात? हाताचं काय आता?"

"आठव ना."

त्यानं स्वतःचे हात काखेत घातले. मग बोलला, "असे होते. काखेत धरलेले. थंडी वाजल्यावर धरतो ना, तसे." बोलला नि स्वतःच थांबला. मे महिना आहे, बाय. गंजाडला मे महिन्यात कोणाला थंडी वाजते?

तिला आग होतेय. ती रडत नाय म्हणून तुला कळत नाय. नि ती रडत नाय ते माझ्यामुळे.

आता सगळं सांगते. मागच्या दोन पत्रांत मी अर्धंच सांगितलं.

ट्यूब हरवली नव्हती. ती मी लावली. माझ्या तोंडाला.

तानी झाल्यावर माझ्या गालावर वांग आले ते तू बघितलेत. दोन्ही गालांवर, वर ओठावर पण. घोलवडच्या बायका बोलायच्या, दक्षाचं तोंड बघा, चिकूची साल. हसण्यावारी बोलायच्या. मुकेश काही बोलत नाय कधी, पण मागच्या वेळी बोटीवर जाताना त्यानं फोनमध्ये आमचा फोटो काढला नि मला बोलला, "तू जरा सावलीला सरक." मला वाटलं तो वांगामुळे बोलला. कदाचित तानीमुळे बोलला असेल, ती कडेवर होती. मी विचारलं नाय.

एक दिवस तानीला लावून बोटाला उरलेली क्रीम मी गालावर पुसली. आरशात बघितलं तर डाग गेलेले. गेले नव्हते, झाकलेले. पण मी चोवीस वर्षांची दिसली. बाय, मी चोवीस वर्षांचीच आहे, पण मी विसरली होती ते. मग रोज थोडी. आधी बोटाला उरलेली, मग बोटभर. तिला पातळ लावायची नि मला पुरेल एवढी ठेवायची. पोरीच्या अंगावरची सावली चोरून मी तोंडाला लावली.

लग्नाच्या सकाळी ट्यूब कापून आतून पुसून काढली. तीही मी लावली. तिला नाय. तुझ्या दारात शिरली तेव्हा तूच बोललीस, "दक्षा, तोंड उजळलंय गं, मुकेशनं खायला पाठवलं काय?" नि मला इतकं बरं वाटलं की तानी कडेवर आहे हेही विसरली. मग आठवलं, हिला काही लावलं नाय. आता परत घरी जाऊ शकत नाय. कोणाला सांगू शकत नाय. तेव्हा तो गेरू दिसला.

मी तिला आत बसवून ठेवू शकत होती. तुझी मागची खोली अंधारी आहे, तिथे धान्याच्या कणगीजवळ बसवली असती तर काय झालं नसतं. पण मला वरातीत चालायचं होतं. ते तोंड घेऊन.

वरात निघाली नि थोड्या वेळात ती किंचाळायला लागली. लोक बघायला लागले. तिच्या गालावर गेरू, माझ्या गालावर क्रीम. मी तिला घराच्या मागे नेली, जिथे भांडी घासतात तिथे, नि तिचे दोन्ही हात धरले, जळत होते तेच हात, नि बोलली, "परत रडलीस तर तुला इथंच टाकून जाईन. समजलं?"

ती गप्प झाली. एकदम. ओठ आत ओढले नि गप्प.

मी तिला परत मांडवात आणली, तेवढ्यात तू आलीस, नि तू तिला घेतलीस, नि मी गेली. तू समजलीस ती तुझ्या कडेवर गप्प झाली. ती तुझ्यामुळे गप्प नव्हती झाली.

आता तिच्या बाजूनं बघ. मी बोलली रडलीस तर टाकून जाईन. ती एकदाच रडली होती, त्याआधी. नि मी खरंच टाकून गेली. चार वर्षांच्या पोरीला काय समजणार? तिला वाटत असेल, आता रडलं तर आत्या पण जाईल.

म्हणून तुझ्या अंगणात ती उन्हात पळते नि रडत नाय. तू बोलावलंस की येत असेल, सांगितलंस ते करत असेल, गुणी झाली असेल. झाली ना गुणी? ती गुणी पोर नाय, बाय. हट्टी पोर आहे. भाताला कढी नसली तर ताट ढकलते. माझ्याकडे ढकलायची.

मला शिव्या घाल. मुकेश आल्यावर त्याला हे पत्र दे, मी ना नाय बोलणार. विनोदच्या टेम्पोतून ओरडून सांग घोलवडभर, की दक्षानं पोरीची क्रीम तोंडाला फासली. पण आज एवढं कर.

संध्याकाळी ऊन गेल्यावर, दार लावून, मागच्या खोलीत तिला मांडीवर घे. दिवा बारीक ठेव. तिच्या हाताची पाठ बघ. बोटांच्या सांध्यावर कातडी जाड नि रेघारेघांची झाली असेल, नाकावर बारीक खड्डे असतील. पाण्याच्या माठाला ती दिवसातून कितीदा हात लावते ते बघ. रात्री झोपेत हात जमिनीला टेकवून ठेवते का बघ, गार लागतं म्हणून. नि मग तिला सांग, "रडलीस तरी तुला कोण टाकणार नाय. आई बोलली ते खोटं होतं." माझं नाव घेऊन सांग. आई खोटं बोलली, असंच सांग.

मग ट्यूब माळ्यावरून काढ.

मी स्वतः यायला पाहिजे होती. दोनदा जीपमध्ये बसली, कासा रोडपर्यंत आली नि उतरली. तुझी भीती नाय वाटली. तानी मला बघून गप्प राहील याची वाटली.

दक्षा


१६ मे

रखमीबाय,

विनोद आज ओरडला नाय. टेम्पो बंद केला, उतरला, मला बाजूला बोलावलं. वाटलं काहीतरी झालं.

तो बोलला, "वहिनी, पोर रडली."

मी विचारलं, कधी? कशी?

"योगिता वहिनीनं पत्र वाचलं. रखमीबाय उठून गोठ्यात गेली. संध्याकाळी पोरीला घेऊन मागच्या खोलीत बसली. मग आवाज आला. आख्खा पाडा गोळा झाला, वाटलं साप चावला. एवढीशी पोर नि केवढा आवाज. रडतेय नि मधेच विचारतेय, आत्या, तू आहेस ना? परत रडतेय. रखमीबाय बोलली, आहे गं, रड तू. मग ती पण रडली."

मी टोपल्यांच्या मागे जाऊन बसली. एक बाई आली, बोलली, काय झालं दक्षा, वाईट बातमी? मी बोलली, नाय, माझी पोर रडली. ती येड्यासारखी बघत राहिली.

तू निरोप दिलास, "तिला सांग, ये." एवढाच. शिवी पण नाय. विनोद बोलला, तू हाताला क्रीम लावताना तिला विचारतेस, इथे दुखतं का, इथे? नि ती आता हो बोलते. ट्यूब अर्धी झाली म्हणाला. होऊ दे. संपली की मी खरं सांगून दुसरी आणेन. डॉक्टरबाईला काल सांगितलं मी. ती बोलली, "मला कळलं होतं. दुसरी तुझ्यासाठीच दिली होती. वांगाला पण तोच उजेड नडतो, तोच रंग लागतो. मागितली असतीस तर दिली असती." मागायची गोष्ट होती, बाय. मी चोरली.

मी रविवारी येते. ऊन उतरल्यावर येईन, दिवे लागायच्या वेळेला. तिला आधी सांगू नको. मी दारात उभी राहीन, हात पुढे करणार नाय. तू तिला ढकलू नको, "जा, आई आली" असं बोलू नको. नुसती बघ तिच्याकडे, मी पण बघेन.

मला बघून ती रडली, ओरडली, मला मारलं, तर मी तिला घरी घेऊन जाईन. ओठ आत ओढून गप्प राहिली तर नाय नेणार. तिला तुझ्याकडेच ठेव. का ठेवली ते मुकेशला मी माझ्या तोंडानं सांगेन. नि पुढच्या रविवारी परत येईन, त्याच्या पुढच्या पण, ती माझ्यासमोर रडेपर्यंत.

दक्षा